विश्लेषण : वकील भातखंडे यांना रागांचे गणित अखेर कसे उमगले?

पेटी घेऊन घरच्या घरी, एकट्याने गाणे शिकणारा माणूस मुंबईतला असो वा मुळशी तालुक्यातल्या पौडचा, मोबाइलवर पहिला धडा उघडला की त्याला काही गोष्टी भेटतातच. दहा थाटांची यादी. वादी आणि संवादी स्वर. राग गाण्याची वेळ. ‘ग’च्या खाली एक आडवी रेघ, ‘म’च्या डोक्यावर एक उभी रेघ. हे सारे इतके सवयीचे झाले आहे की ते फार पूर्वीपासून असेच चालत आले असावे, असे वाटते. यातले बरेच शब्द जुने आहेतही. पण आज शिकवली जाणारी त्यांची मांडणी जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे. ती केली विष्णू नारायण भातखंडे या मुंबईकर वकिलाने. ते खानदानी गवई नव्हते. गाणे शिकवणारे गुरू त्यांना भेटले, पण त्या गाण्यामागचा नियम सांगणारा कोणी भेटला नाही. तो त्यांना स्वतःच शोधावा लागला आणि त्यात त्यांच्या उमेदीची वर्षे गेली.

कोण होते भातखंडे?

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. तो दिवस गोकुळाष्टमीचा होता. लहानपणापासून त्यांना गाण्याची ओढ होती, पण गाण्यावर पोट भरायचे हा विचार त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात कोणी करत नसे. त्यांनी १८८५ मध्ये पदवी घेतली, १८८७ मध्ये कायद्याची परीक्षा दिली आणि वकिली सुरू केली. काही काळ ते कराचीत होते, नंतर मुंबईला परतले.

गाणे मात्र सुटले नव्हते. वल्लभदास दामुलजी यांच्याकडे ते सतार शिकले. १८८४ मध्ये ते ‘गायन उत्तेजक मंडळी’चे सभासद झाले. कैखुश्रू काबराजी आणि त्यांच्या पारशी सहकाऱ्यांनी १८७० मध्ये मुंबईत सुरू केलेली ही संस्था संगीताच्या शिक्षणासाठी आणि प्रसारासाठी काम करत असे. तिथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांना धृपदे मिळाली, अली हुसेन यांच्यासारख्या उस्तादांकडून ख्याल मिळाले. पुढची काही वर्षे हा शिरस्ता चालू राहिला. दिवसा कोर्ट आणि उरलेल्या वेळात गाणे.

शिकवणारे होते, मग अडचण कुठे होती?

अडचण शिकवण्याच्या पद्धतीत होती. गुरूने बंदिश म्हणायची आणि शिष्याने ती गळ्यात उतरवायची, अशी ती रीत. तिने मोठमोठे गवई घडवले. पण एखादा राग असाच का, अमुक स्वर इथे चालतो आणि तिथे का चालत नाही, हे विचारले की उत्तर बहुधा एकच मिळे : आमच्या घराण्यात असे गातात. दुसऱ्या घराण्यात त्याच नावाचा राग वेगळ्या स्वरांत ऐकू येई. त्यांचेही उत्तर तेच.

वकिलाला हे पटणारे नव्हते. दोन साक्षीदार परस्परविरोधी सांगत असतील तर कागद पाहावा लागतो. म्हणून भातखंडे जुन्या संस्कृत ग्रंथांकडे वळले. तिथे दुसरी पंचाईत झाली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शारंगदेवाने लिहिलेला ‘संगीत रत्नाकर’ हा या विषयातला सर्वांत मोठा ग्रंथ. त्यात ग्राम, मूर्च्छना, जाती यांचे सविस्तर विवेचन आहे. पण त्या विवेचनावरून आजचा यमन किंवा भैरवी कशी गायची, हे कोणालाच दाखवता येईना. पुस्तकातले नियम एकीकडे आणि मैफलीतले गाणे दुसरीकडे. शास्त्रकार ज्याला लक्षण म्हणतात ते, आणि ज्याला लक्ष्य म्हणतात ते, यांची गाठच पडत नव्हती.

आणखी एक जुनी वर्गवारी प्रचारात होती. सहा मुख्य राग, त्यांच्या प्रत्येकी पाच-सहा रागिण्या, मग पुत्र आणि सुना. चित्रकारांना ती फार आवडली. पण अमुक रागिणी अमुक रागाचीच का, याचे स्वरांत बसणारे उत्तर तिच्याकडे नव्हते. ही सहा रागांची नावेसुद्धा प्रत्येक मतात वेगळी होती. पाटण्याच्या महंमद रझा यांनी १८१३ मधल्या आपल्या फारसी ग्रंथात या वर्गवारीवर आधीच बोट ठेवले होते.

वकिली का सोडली?

१९०० साली भातखंडे यांच्या पत्नीचे निधन झाले. १९०३ मध्ये मुलगीही गेली. चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या माणसाचे घर तीन वर्षांत रिकामे झाले. यानंतर त्यांनी वकिली सोडली. तोवर फावल्या वेळात जोपासलेला प्रश्न आता पूर्ण वेळचे काम झाला. उत्पन्न थांबले होते आणि हाती एकही ग्रंथ लिहून झालेला नव्हता. उत्तर मिळेलच याचीही खात्री नव्हती.

त्यांनी ठरवले ते असे. देशभर फिरायचे, प्रत्येक जाणकाराला प्रश्न विचारायचे, हस्तलिखिते मिळवायची आणि भेटीची टिपणे रोजच्या रोज लिहून ठेवायची. पुढे ही रोजनिशी संगीताच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरली.

१९०४ मध्ये दक्षिणेत काय सापडले?

पहिला मोठा दौरा दक्षिणेचा होता. मद्रास, तंजावर, मदुराई, एट्टयपुरम, त्रिवेंद्रम, म्हैसूर, बंगळूर अशी गावे त्यांनी पालथी घातली. श्रुती आणि ग्राम यांविषयीच्या प्रश्नांना तिथेही समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत. मात्र एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. तिथल्या गायकाला कोणत्याही रागाचे नाव विचारा, तो कोणत्या मेळातला हे तो चटकन सांगत असे. म्हणजे रागांचे घर कुठे आहे, हे दक्षिणेत ठरलेले होते. उत्तरेत ते नव्हते.

त्या व्यवस्थेचे मूळ होते व्यंकटमखी या सतराव्या शतकातील पंडिताच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथात. तेव्हा तो हस्तलिखितांतूनच फिरत होता. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितार यांची भेट झाली. मुथुस्वामी दीक्षितार यांच्या परंपरेतले हे वयोवृद्ध विद्वान त्याच वर्षी आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध करत होते. दक्षिणेच्या या दौऱ्यातून भातखंडे यांच्या हाती व्यंकटमखीची ७२ मेळांची योजना आली. कोड्याची किल्ली इथे होती.

७२ मेळ म्हणजे नेमके काय?

हे समजायला पेटी पुरते. ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत जाताना काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या लागतात. त्यांतला ‘सा’ आणि ‘प’ अचल, म्हणजे ते जागा बदलत नाहीत. ‘सा’ आणि ‘म’ यांच्या मध्ये चार पट्ट्या आहेत. कोमल रे, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध ग. व्यंकटमखी म्हणतो, या चारांपैकी कोणत्याही दोन घ्या. खालचीला रे म्हणा, वरचीला ग म्हणा. चारांतून दोन निवडण्याचे प्रकार होतात सहा. ‘प’च्या वरही अशाच चार पट्ट्या आहेत, त्यांतून ध आणि नी निवडायचे. तेही सहा प्रकार. सहा गुणिले सहा म्हणजे ३६. आता ‘म’ शुद्ध घेतला तर हे ३६ आणि तीव्र घेतला तर आणखी ३६. एकूण ७२.

सात स्वरांचे याहून वेगळे संच या नियमाने होऊच शकत नाहीत. याचा अर्थ असा की कोणताही राग, कुठल्याही घराण्याचा असो, त्याचे स्वर मोजले की या चौकटीत त्याची जागा सापडली पाहिजे. शिवाय स्वतः व्यंकटमखीने यातले १९ मेळच आपल्या काळात वापरात असल्याचे सांगितले आहे. काय शक्य आहे ते आधी गणिताने काढायचे, मग त्यातले काय खरोखर गायले जाते ते पाहायचे. भातखंडे यांना हवी असलेली पद्धत हीच होती.

७२ चे १० कसे झाले?

दक्षिणेची योजना उत्तरेत जशीच्या तशी चालणारी नव्हती. तिच्यात दोन रे शेजारी आले तर वरच्याला ग म्हणण्याची सोय आहे. हिंदुस्थानी गायक तसे मानत नाही. त्याच्या लेखी रे हा रे असतो आणि ग हा ग. म्हणून रे, ग, म, ध, नी या पाच स्वरांचे प्रत्येकी एकच रूप घ्यायचे ठरवले, तर दोनाचा पाच वेळा गुणाकार होतो आणि संच उरतात ३२.

या ३२ पैकी प्रचारातल्या रागांना कितींची गरज पडते, हे भातखंडे यांनी तपासले आणि दहा थाट निवडले. सगळे शुद्ध स्वर तो बिलावल. फक्त म तीव्र केला की कल्याण. फक्त नी कोमल केला की खमाज. ग आणि नी कोमल म्हणजे काफी. त्यात ध कोमल केला की आसावरी, आणखी रे कोमल केला की भैरवी. रे आणि ध कोमल म्हणजे भैरव. त्याच भैरवात म तीव्र केला की पूर्वी. रे कोमल, म तीव्र आणि बाकी शुद्ध म्हणजे मारवा. रे, ग, ध कोमल आणि म तीव्र म्हणजे तोडी.

थाटांची कल्पना उत्तरेत अगदीच नवी नव्हती. मिथिलेच्या लोचन पंडिताने आपल्या ग्रंथात बारा संस्थाने मानली होती आणि त्यांखाली राग लावले होते. भातखंडे यांनी अशा मधल्या काळातल्या ग्रंथांना शारंगदेवापेक्षा अधिक महत्त्व दिले, कारण आजच्या गाण्याशी त्यांचे नाते दाखवता येत होते.

पण हे ग्रंथ वाचतानाही एक फसगत होती. त्यांतला शुद्ध हा शब्द आजच्या अर्थाने घेतला की प्रत्येक राग चुकत असे. उलगडा झाला तो अहोबल पंडिताच्या ‘संगीत पारिजात’मुळे. अहोबलाने वीणेच्या तारेवर प्रत्येक स्वर किती लांबीवर वाजतो, हे लिहून ठेवले आहे. ती मापे लावून पाहिल्यावर लक्षात आले की त्याचा शुद्ध स्वरांचा संच म्हणजे आजचा काफी थाट. त्याने ज्याला शुद्ध ग म्हटले, तो आपला कोमल ग. हे एकदा कळले आणि जुन्या ग्रंथांतली अनेक वर्णने ओळखीची वाटू लागली. इतकी वर्षे न जुळलेला हिशेब एका शब्दाच्या बदललेल्या अर्थामुळे अडला होता.

थाट कळला म्हणजे राग कळला का?

नाही. थाट ही नुसती स्वरांची यादी आहे. ती गायली जात नाही. राग व्हायला आणखी नियम लागतात आणि ते भातखंडे यांनी एकेक करून मांडले. रागात किमान पाच स्वर हवेत. पाच स्वरांचा तो औडव, सहांचा षाडव, सातांचा संपूर्ण. चढताना आणि उतरताना ही संख्या वेगळी असू शकते.

इथेही गणित आहे. ‘सा’ कायम ठेवून सातांतला एक स्वर वगळण्याचे सहा प्रकार, दोन वगळण्याचे पंधरा आणि काहीच न वगळण्याचा एक. एकूण २२. आरोहाचे २२ आणि अवरोहाचे २२ यांच्या जोड्या होतात ४८४. हे ७२ मेळांना लावले की ३४,८४८ राग तयार होतात. कागदावर. प्रत्यक्षात मैफलीत ऐकू येणारे राग शे-दोनशेच्या घरात आहेत. उरलेले नुसते आकडे का राहिले, याचे उत्तर गणित देत नाही. जे कानाला रंजक वाटते तेच राग म्हणून टिकते, ही अट शास्त्रकारांनीच घातलेली आहे.

मग भूप आणि देशकार यांचे काय? दोघांत तेच पाच स्वर आहेत : सा, रे, ग, प, ध. तरी ऐकणाऱ्याला ते वेगळे वाटतात. कारण भूपात वजन गंधारावर आहे आणि देशकारात धैवतावर. हा वजनदार स्वर म्हणजे वादी आणि त्याच्या खालोखालचा संवादी. मारवा, पूरिया आणि सोहनी हीदेखील अशीच भावंडे. स्वर तेच, पण वादी बदलला की घर बदलले. भातखंडे यांनी भूप कल्याण थाटात ठेवला आणि देशकार बिलावलात. नुसते स्वर मोजून हे ठरत नाही, चलन पाहावे लागते.

वेळेचा नियम कुठून आला?

सकाळचे राग, रात्रीचे राग ही परंपरा जुनीच. भातखंडे यांनी तिच्यात एक सूत्र दाखवले. सप्तकाचे दोन भाग करा. वादी खालच्या भागात असेल तर तो राग साधारणतः दुपारी बारा ते मध्यरात्री बारा या वेळेतला. वादी वरच्या भागात असेल तर मध्यरात्रीपासून दुपारपर्यंतचा. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि देशकार सकाळचा, हे या सूत्रात बसते. कोमल रे आणि शुद्ध ग असलेले बरेच राग पहाटे आणि तिन्हीसांजेला गायले जातात, त्यांना त्यांनी संधिप्रकाश राग म्हटले. सूत्राला अपवाद आहेत. पण नवशिक्याला आधी सूत्र कळले तर अपवाद लक्षात राहतात, हा त्याचा फायदा.

उस्तादांनी बंदिशी दिल्या कशा?

१९०७ मध्ये भातखंडे यांनी नागपूर, हैदराबाद, विजयनगरम, कलकत्ता अशी वाट धरली. कलकत्त्यात सौरींद्रमोहन टागोर यांच्याशी त्यांची चर्चा झाली. त्यानंतरच्या दौऱ्यात ते अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदयपूर असे उत्तरेत फिरले.

प्रश्न नाजूक होता. बंदिश ही उस्तादांची इस्टेट होती. ती मुलाला किंवा जावयाला मिळे, गंडाबंध शागिर्दाला थोडीफार मिळे. परक्या माणसाने वही काढली की दार बंद होण्याचीच शक्यता जास्त. काही ठिकाणी तसे झाले. काही उस्तादांशी त्यांचे खटके उडाले आणि त्यांच्या टिपणांत अशा भेटींबद्दल तिखट मजकूर आहे. पण दारे उघडलीही. रामपूरचे नवाब हमीद अली खान यांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले. त्यामुळे सेनिया परंपरेतले बीनकार वझीर खान यांच्यापर्यंत वाट मोकळी झाली. जयपूरचे महंमद अली खान कोठीवाल यांच्या घराण्यातला बंदिशींचा मोठा साठाही त्यांना मिळाला. पन्नाशीच्या आसपास असलेला, पदवीधर, शास्त्रार्थ करणारा हा माणूस बंदिशीसाठी पुन्हा शिष्य म्हणून बसला.

कागदावर सूर कसा उतरवला?

बंदिश मिळाली तरी ती लिहायची कशी, हा पुढचा प्रश्न. बडोद्यात मौलाबक्ष यांनी आणि बंगालमध्ये क्षेत्रमोहन गोस्वामी यांनी यापूर्वी स्वरलेखनाच्या पद्धती केल्या होत्या. विष्णू दिगंबर पलुस्कर यांचीही स्वतंत्र पद्धत होती. भातखंडे यांची त्यांत सर्वांत सोपी ठरली. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. एका मात्रेत अनेक स्वर आले तर खाली कंस. मींड असेल तर वर कमान. समेला फुली, खालीला शून्य. छापखान्यातल्या खिळ्यांना जमणारी आणि शाळकरी मुलालाही वाचता येणारी अशी ही लिपी.

तिच्या आधाराने ‘क्रमिक पुस्तक मालिका’ निघाली. सहा भाग आणि वेगवेगळ्या घराण्यांच्या अठराशेच्या आसपास बंदिशी. शेवटचे भाग त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आले. कालपर्यंत जे मिळवायला वर्षानुवर्षे उस्तादाच्या घरी राहावे लागे, त्याचा सांगाडा आता पुस्तकाच्या दुकानात विकत मिळू लागला. सांगाडाच, कारण गळ्याचा लगाव, श्वास, ठेहराव हे रेघांत येत नाही. भातखंडे यांनाही ते ठाऊक होते. म्हणून त्यांनी स्वतः लक्षणगीते रचली. या गीतांत त्या रागाचाच नियम शब्दांत बांधलेला असतो. गीत पाठ झाले की नियमही पाठ होतो.

लेखकाचे नाव कुठे गेले?

१९१० मध्ये ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर लेखक म्हणून नाव होते चतुर पंडित. हे चतुर पंडित म्हणजे भातखंडे. त्याच सुमारास त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ लिहायला घेतली. तिचे चार भाग १९१० ते १९३२ या काळात निघाले. भाषा मराठी आणि मांडणी गुरू-शिष्याच्या संवादाची. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, शिष्याचे समाधान होत नाही, तो पुन्हा विचारतो. या ग्रंथात चतुर पंडिताचा आधार तिसऱ्याच कोणा विद्वानाचा असावा तसा दिला जातो.

आज देशभर शिकवल्या जाणाऱ्या या शास्त्राचे मोठे विवेचन आधी मराठीत झाले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पुढे हाथरसहून त्याचा हिंदी अनुवाद ‘भातखंडे संगीतशास्त्र’ या नावाने निघाला आणि बहुतेकांना तोच माहीत आहे.

परिषदा आणि विद्यालयांतून काय साधले?

मार्च १९१६ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. गवई, बीनकार, शास्त्रकार आणि विज्ञानाचे अभ्यासक एका मंडपात आले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांनी मांडलेल्या बावीस श्रुतींच्या हिशेबावर तिथे वाद झाला. भातखंडे यांची भूमिका व्यवहाराची होती. श्रुतींचा वाद विद्वानांनी खुशाल करावा, शिकणाऱ्याला मात्र बारा स्वरांत राग समजला पाहिजे. पुढे दिल्ली, बनारस आणि लखनौ येथे परिषदा झाल्या. संपूर्ण देशासाठी एक संगीत अकादमी उभारायची त्यांची योजना मात्र त्यांच्या हयातीत फळली नाही.

विद्यालये उभी राहिली. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने संगीत विद्यालय सुरू झाले. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज निघाले. राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे तेव्हाचे मंत्री राय राजेश्वर बली यांची त्याला साथ होती. भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ते अनेक वर्षे सांभाळले. तेच आज भातखंडे संस्कृती विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा ही आज सवयीची असलेली व्यवस्था अशा संस्थांतून रुजली. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला सुरू केलेल्या गांधर्व महाविद्यालयाचाही त्यात मोठा वाटा आहे.

आक्षेप कोणते?

भातखंडे यांच्यावर टीका त्यांच्या हयातीतच सुरू झाली आणि ती आजही थांबलेली नाही. पहिला आक्षेप थाटांवर. दहांच्या चौकटीत न बसणारे राग आहेत. अहिर भैरवात रे आणि नी कोमल, पटदीपात फक्त ग कोमल, मधुवंतीत ग कोमल आणि म तीव्र. असे संच दहांत नाहीतच. मग त्यांना जवळच्या थाटात ढकलावे लागते. ललितात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात, तो तर एका स्वराचे एकच रूप या नियमालाच जुमानत नाही. ओंकारनाथ ठाकूर यांच्यासारख्या गायक-पंडितांनीही या मांडणीला विरोध केला.

दुसरा आक्षेप बंदिशींबाबत. छापलेली बंदिश आणि घराण्यात गायली जाणारी बंदिश यांत फरक असतो. छापील रूपालाच प्रमाण मानले की बाकीची रूपे चुकीची ठरतात. १९५० च्या दशकात आकाशवाणीने गायक-वादकांच्या चाचण्या सुरू केल्या तेव्हा हा वाद पेटला. चाचणी मंडळावर रातंजनकर होते. आयुष्यभर गाणाऱ्यांना शास्त्राचे प्रश्न विचारले जाणे अनेक कलावंतांना अपमानास्पद वाटले.

तिसरा आक्षेप इतिहासकारांचा. जानकी बखले यांनी २००५ मधल्या आपल्या पुस्तकात भातखंडे आणि पलुस्कर यांच्या कामाची चिकित्सा केली. ज्यांच्या गळ्यातून हे संगीत शतकानुशतके वाहत आले, त्या मुस्लिम उस्तादांकडे भातखंडे यांनी शास्त्र न जाणणारे म्हणून पाहिले आणि त्यांचे स्थान दुय्यम झाले, हा मुद्दा त्यातून चर्चेत आला. भातखंडे यांनी याच उस्तादांचे शिष्यत्व पत्करले, त्यांच्याच बंदिशींवर आपली पुस्तके उभी केली, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

मग शिल्लक काय राहिले?

१९३३ मध्ये भातखंडे यांना पक्षाघाताने गाठले. मांडीचे हाडही मोडले. अखेरची तीन वर्षे अंथरुणाला खिळून गेली. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी त्यांचे निधन झाले. १९६१ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

त्यांच्या दहा थाटांपेक्षा चांगली वर्गवारी उद्या कोणी मांडू शकेल. ३२ थाट घ्यावेत, अशी सूचना पूर्वीपासून होत आलीच आहे. पण रागाला नियम असतो, तो शोधता येतो, शब्दांत सांगता येतो आणि गवयाच्या घरात न जन्मलेल्यालाही तो समजू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. एकट्याने शिकणाऱ्याने यातून घ्यायचे ते एवढेच. आधी बारा पट्ट्या ओळखाव्यात. एकेक स्वर बदलून दहा थाट वाजवून पाहावेत. मग भूप आणि देशकार एकामागोमाग ऐकावेत आणि तेच पाच स्वर वेगळे का वाटतात, हे कानाने शोधावे. पुस्तक नियमापर्यंत नेते. त्यापुढचा राग गुरूकडून आणि ऐकण्यातूनच मिळतो, आणि त्या वाटेवर स्वतः भातखंडे यांनाही रामपूरला जाऊन बसावे लागले होते.